रॅकेट

श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी पंचायतीतून फोन आला. "बाई, मातशें येवपाक जमतलें? एक कागद वाचून जाय आशिल्लो." आवाज माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. तो तिथे क्लार्क आहे. पाऊस नुकताच उघडला होता. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं, म्हणून मी छत्री टेकत टेकत चढले. आत सात-आठ मुलगे उभे होते, सगळे आरती मंडळातले. बाकावर आबा बसले होते. आमच्या वाड्यावरचे सगळ्यांत जुने घुमटवाले, म्हणजे घुमट हे मातीचं वाद्य वाजवणारे. टेबलावर एका पानाचं टाइप केलेलं इंग्रजी पत्र होतं, दोन वर्षांपूर्वी गावात घर घेतलेल्या एका वयस्क बाईंचं. भाषा नीट, सूर कुठेही चढलेला नाही. म्हणणं एवढंच, की देवळामागच्या मांडपात रोज रात्री जे रॅकेट चालतं ते थांबावं, निदान लवकर आटपावं, घरात आजारी माणूस आहे. क्लार्कने मुलांना ते वाचून दाखवलं होतं आणि त्या एका शब्दावर सगळं अडून बसलं होतं. "आमी कितें ड्रग्ज विकतात?" एकाने मलाच विचारलं, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.

त्याची चूक नव्हती. आपल्याकडे रॅकेट हा शब्द वर्तमानपत्रातूनच घरात येतो. गाड्या चोरणाऱ्यांचं रॅकेट, नोकऱ्या विकणाऱ्यांचं रॅकेट, अमली पदार्थांचं रॅकेट, आणि त्याच्या मागे ठरलेलं क्रियापद, 'उघडकीस येणं'. चवथ, आमची गोव्यातली गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली म्हणून दिवसभर काम करून रात्री आरतीच्या तालमीला बसणाऱ्या पोराच्या कानावर तो शब्द पडला तर त्याला दुसरं काय वाटणार? मी पत्र दोनदा वाचलं. म्हटलं, बाबांनो, तसं काही नाही. हा वेगळा रॅकेट. "मागीर कितें?" मुलं थांबली. मी म्हटलं, "गोंगाट."

मुलं सैल झाली. कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं बरं तर बरं. इंग्रजीच्या बाईने उलगडून सांगितलं, म्हणजे विषय संपला, असं सगळ्यांनाच वाटलं. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू, जणू शब्द नीट ऐकू आला की नाही याची खात्री करून घेत, विचारलं,

"आमचो गोंगाट?"

मी घरी आले, चहा टाकला, तो उतू गेला. पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. एका शब्दाचे चार अर्थ फळ्यावर लिहून द्यायचे आणि पाचवा मुलांना शोधायला लावायचा, ही माझी पद्धत. अर्थाच्या हिशेबाने मी चुकले नव्हते. कोणताही कोश उघडा, तिथे गोंगाटच सापडेल. पण आबांचा प्रश्न कोशातल्या अर्थाबद्दल नव्हता, आणि त्यांनी तो मलाच का विचारला हे मला ठाऊक होतं. त्याकडे येतेच. आधी त्या शब्दाशी जरा बसते, कारण त्या रात्री मीही तेच केलं. झोप येईना म्हणून कोश काढून बसले.

इंग्रजीत हा शब्द तीन घरांत राहतो. एक घर आपल्या चांगल्या ओळखीचं, बॅडमिंटनचं. तो फ्रेंचमधून आला, आणि त्याच्याही मागे अरबीतला 'राहा' हा शब्द असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. राहा म्हणजे हाताचा तळवा. टेनिसचा जो पूर्वज फ्रान्समध्ये खेळला जायचा तो आधी नुसत्या हातानेच खेळत. त्या खेळाचं नावच 'जे द पोम', तळव्याचा खेळ. तातीची जाळी हातात नंतर आली. दुसरं घर वर्तमानपत्रवाल्यांचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या चोराचिलटांच्या बोलीत रॅकेट म्हणजे फसवणुकीचा धंदा असा अर्थ रुळला, आणि पुढे अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात तो असा फोफावला की 'रॅकेटियर' ही एक जमातच तयार झाली. तिसरं घर आवाजाचं. ते सोळाव्या शतकापासूनचं, धंद्याच्या अर्थाहून पुष्कळ जुनं. तो बहुधा खडखडाटाच्या नकलेतूनच जन्मला, जसा आपला खडखडाटही. काहीजण असाही तर्क करतात की धंद्याचा अर्थ या आवाजातूनच निघाला: एकाने रस्त्यात आरडाओरडा करून लोकांचं लक्ष वेधायचं आणि दुसऱ्याने तेवढ्यात खिसे कापायचे. म्हणजे आमच्या मुलांना पंचायतीत जो अर्थ टोचला तो आणि पत्रात लिहिलेला अर्थ कदाचित एकाच पोटचे.

कोशात जे लिहिलेलं नसतं ते वापरात दिसतं. मी वर्गात हे शिकवायची. इंग्रजीत स्वतःच्या आवाजाला कुणी रॅकेट म्हणत नाही. आई माडीवरच्या मुलांना ओरडते तेव्हा तो शब्द येतो, शेजारी भिंतीवर मूठ आपटतो तेव्हा येतो, रात्री पत्र्यावर माकडं उड्या मारतात तेव्हा येतो. बाजारातल्या माणसांच्या गुणगुणण्याला 'हबब' म्हणतील, त्यात थोडी ऊब असते. सतत कानावर आदळणाऱ्याला 'डिन' म्हणतील. रॅकेट म्हटलं की पलीकडे वैतागलेला एक कान आलाच. शब्द आवाजाचा असला तरी तो उच्चारणारा नेहमी ऐकणाराच असतो, वाजवणारा कधीच नाही.

आमच्या घरी दोन्ही एकाच खुंटीवर असत, रॅकेट आणि घुमट. हे आठवलं आणि मी कोश मिटला. माझ्या दादाची लाकडी बॅडमिंटनची रॅकेट होती. पावसाळ्यात ती वाकू नये म्हणून चार कोपऱ्यांना पाकळ्यांचे स्क्रू असलेल्या लाकडी चौकटीत आवळून ठेवायची. हे काम माझं. स्क्रू फिरवताना बोटांना पितळेचा वास लागायचा. त्याच खुंटीवर भाऊंचं घुमट. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. मातीचं भांडं, दोन्हीकडे तोंडं, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. तेव्हा चामडं घोरपडीचंच असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद होत गेलं आणि आता बकरीचं वापरतात. भाऊ म्हणायचे, नव्या चामड्याला तो गळा नाही. पण घोरपड मारणं थांबलं हे बरंच झालं, असंही तेच म्हणायचे, आणि ही दोन्ही वाक्यं ते एका दमात बोलायचे. भाद्रपदातली हवा ओली. रॅकेटची तात सैल पडायची तसं घुमटाचं चामडंही ढिलं व्हायचं. मग भाऊ चुलीपाशी उकिडवे बसून घुमट आचेवर धरायचे, लहान मुलाला शेक द्यावा तसं, फिरवत फिरवत. मधूनच बोटाने टिचकी. मातीचा, तापल्या कातड्याचा आणि नारळाच्या सोडणांच्या धुराचा असा एक मिळून वास. तो वास आला की चवथ आली.

घुमट वाजतं ते तळव्यानेच. उजव्या हाताची बोटं चामड्यावर आणि डाव्या हाताचा तळवा मागच्या उघड्या तोंडावर. तो तळवा किती झाकायचा आणि कधी सोडायचा यावर सगळा खेळ. झाकला की आवाज पोटात जातो, सोडला की विहिरीतून वर आल्यासारखा घुमतो. भाऊंच्या डाव्या तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी एक गोल, गुळगुळीत घट्टा होता. देवळात माझा हात धरायचे तेव्हा तो लागायचा. तळव्याचा खेळ, असं त्या रात्री कोशात वाचलं तेव्हा माझ्या हाताला तो घट्टाच लागला.

आरती म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला सांगताना माझी नेहमी तारांबळ होते. त्याला वाटतं, पाच मिनिटं, टाळ्या, कापूर, प्रसाद. आमच्याकडे माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, माणसं दाटीने बसतात. घुमटं चार-पाच, शामेळ नावाचं चर्मवाद्य दोन काठ्यांवर, पितळेचे जड, मोठ्या झांजांसारखे कासाळे, आणि एकामागून एक आरत्या तास-तास चालतात. लय आधी संथ, मग चढत जाते, आणि शेवटी अशी काही पळते की माटोळीला बांधलेली तोरिंगणं हलताना मी बघितली आहेत. लहानपणी मी खांबाला पाठ लावून बसायची. आवाज कानातून आत येण्याआधी पाठीतून यायचा. भर आरतीत झोपही लागायची. त्या सगळ्या कल्लोळात मी जितकी निर्धास्त झोपले तितकी पुढे कधी झोपले नाही.

याला काय म्हणायचं? मराठीत आवाजाच्या गर्दीला किती शब्द आहेत. गलका, गलबला, गोंगाट, कलकलाट, कोलाहल, गदारोळ, हलकल्लोळ. हलकल्लोळातला कल्लोळ म्हणजे मुळात लाट, मोठी उसळलेली लाट. घाटावरची माणसं म्हणतात 'काय कालवा लावलाय', आणि पाण्याचा पाट तोही कालवाच. रॅकेटसारखाच एका नावाने दोन घरांत राहणारा. इथे आमच्याकडे बोवाळ म्हणतात, आणि आनंदाचा असेल तर धुमशाण. शिगम्यात रोमटामेळ निघतो, ढोलताशांवर 'ओस्सय'ची आरोळी उठते, त्याला गोंगाट म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. समुद्र रात्रभर आपटत असतो, त्याला आपण गाज म्हणतो आणि कविता लिहितो. विधानसभेत पाच माणसं ओरडली की दुसऱ्या दिवशी गदारोळ. गोंधळ तर देवीचा. संबळ, दिवटी, रात्रभर जागर. तोच शब्द घसरत घसरत हरवलेल्या चपलांपर्यंत आला. 'काय गोंधळ घातलाय' असं मुलांना म्हणताना देवी कुणाला आठवते? तमाशाही असाच. तो तर इंग्रजी कोशात जाऊन बसला, आणि तिथे त्याचा एक अर्थ नुसता गडबड-गलबला एवढाच उरला.

आणि या सगळ्यांत एक शब्द वेगळा आहे, गजर. देवाच्या नावाचा होतो तो गजर. त्याला घड्याळाची मोजपट्टी लागत नाही, त्याच्यावर कुणी दार लावून घेत नाही. आबांना तो हवा होता. मांडपात जे चालतं त्याला गेली साठ वर्षं ते मनातल्या मनात गजर म्हणत आले असणार, आणि भाऊंच्या मुलीच्या तोंडून त्यांनी गोंगाट ऐकला.

इंग्रजीतही असे घसरलेले शब्द आहेत, आणि त्यांतला एक मला शिकवतानाही जड जायचा. बेडलम. लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या नावाने एक धर्मसंस्था स्थापन झाली, तिचं पुढे रुग्णालय झालं, मग तिथे मनोरुग्णांना ठेवू लागले. लोकांच्या जिभेवर बेथलेहेमचं बेडलम झालं. अठराव्या शतकात लोक तिथे रुग्ण बघायला जात, जत्रेत जावं तसे. आत साखळीला बांधलेली माणसं ओरडत असतील, आणि बाहेर आलेल्यांनी त्या ओरडण्याचा एक शब्द करून टाकला. आज वर्गात मुलं दंगा करतात तेव्हा शिक्षक सहज म्हणून जातो, काय हे बेडलम. पँडेमोनियमचं तसं नाही, तो मिल्टनने १६६७ सालच्या काव्यात नरकाच्या राजधानीसाठी घडवला, त्यात कुणाचं दुःख नाही. 'अपरोर' ऐकला की वाटतं यात डरकाळी आहे. पण तो आला डचांच्या 'ओप्रूर'वरून, आणि तिथे त्याचा अर्थ बंड. बेडलमपाशी मात्र मी प्रत्येक वर्षी थांबायची. ज्याचा आवाज, त्याला त्या शब्दाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

आता आबांनी मलाच का विचारलं ते.

आईच्या शेवटच्या वर्षी मी माहेरी येऊन राहिले होते. आमचं जुनं घर मांडपाला लागूनच, मध्ये फक्त एक गडगा आणि बिमलाचं झाड. चवथ जवळ आलेली, तालीम सुरू. आईला ताप होता, अंगाला हात लावला तरी कळवळायची. चाळीस वर्षं तिने हे सगळं ऐकलं होतं. चाळीस वर्षं तालमीला येणाऱ्यांचा चहा तिने केला होता. भाऊंचं घुमट दुसऱ्या कुणी घेतलं तर आवाजावरून तिला स्वयंपाकघरात कळायचं. त्या रात्री शामेळावर काठ्या चढल्या आणि ती एकदम उठून बसली. डोळे लाल. भाऊ दारात उभे होते, घुमट काखेत, निघण्याच्या बेतात. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बंद कर तो गोंगाट." आमच्या घरात त्या वाद्याला हा शब्द त्याआधी कधी लागला नव्हता. भाऊ काही बोलले नाहीत. घुमट खुंटीवर ठेवलं, खाली बसले, तिच्या पायांवरून हात फिरवत राहिले. पुढे ते मांडपात जायचे, वाजवायचेही, पण घुमट त्यांनी परत घरी आणलं नाही. आई गेली. नंतरच्या चवथींना आमच्या घरातली आरती नुसत्या झांजेवर झाली. भाऊ असेपर्यंत तशीच. मला वाटायचं हे फक्त आमच्या घराला माहीत आहे.

मी पंचायतीत तो शब्द सहज उच्चारला, कोशातून काढल्यासारखा. तो कोशातून आलाच नव्हता. पस्तीस वर्षं शिकवूनही माझा शब्द कुठून आला हे मला आबांच्या चेहऱ्यावरून कळलं.

दोन दिवसांनी मी त्या बाईंकडे गेले. सकाळची वेळ. त्यांच्या परसात एका मोठ्या शेवऱ्यावर भृंगराज बसला होता, शेपटीची दोन लांब टोकं हवेत लोंबत होती. इंग्रजीत त्याच्या नावातही रॅकेट आहे. शेपटीच्या दोन बाहेरच्या पिसांच्या नुसत्या काड्या उरतात आणि टोकाला तेवढा पिसांचा तुकडा राहतो, अगदी लहानशी बॅट धरल्यासारखा. बोंडल्याच्या रानात हा पुष्कळ दिसतो. दुसऱ्या पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो, त्यांच्या धोक्याच्या हाकासुद्धा. बाई पायरीवर बसून त्याचं ऐकत होत्या. मला बघून इंग्रजीत म्हणाल्या, पहाटेपासून याने रॅकेट लावलंय, आणि असं हसल्या की मला क्षणभर बोलायला सुचेना. तोच शब्द त्यांच्या तोंडात इतका मायेचा होऊ शकत होता. मी वर्गात शिकवलेला नियम तिथल्या तिथे मोडला, आणि मोडला याचं बरंही वाटलं.

मी पत्राबद्दल बोलले, मुलांना काय वाटलं ते सांगितलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर नेले. त्यांना हे स्वप्नातही आलं नव्हतं. म्हणाल्या, ज्या भाषेत चिडते त्याच भाषेत लिहिलं. मग मला आत घेऊन गेल्या. त्यांचे यजमान पलंगावर होते, झटका येऊन गेलेला, उजवी बाजू निकामी, बोलणं गेलेलं. माणूस नीटनेटका, दाढी केलेली, उशाशी रेडिओ. बाई म्हणाल्या, तुम्ही रात्री एकदा इथे बसा, मग मला सांगा त्याला काय म्हणायचं.

त्याच रात्री गेले. मांडपापासून ते घर म्हटलं तर लांब आहे, मध्ये कुळागराची, म्हणजे पोफळीच्या बागेची, पट्टी. पण मांडपावर आता पत्रे आहेत, आणि गेल्या वर्षापासून एक लाउडस्पीकरचा डबाही आला आहे. घराच्या मागे डोंगराची चिऱ्याची कापलेली भिंत उभी आहे. आवाज पत्र्यातून सुटतो, भिंतीवर आपटतो आणि मागच्या खिडकीतून आत येतो, म्हणजे एकदा पुढून आणि एकदा पाठीमागून. घुमटाचा घुमार वाटेत कुळागरातच विरतो. उरते ती शामेळाची काठी आणि कासाळ्यांची धार. खिडकीची काच प्रत्येक ठोक्याला बारीक थरथरत होती. मी तिच्यावर बोट ठेवून पाहिलं. आणि प्रत्येक समेला पलंगावरच्या माणसाचा डावा हात चादरीवरून इंचभर उडत होता. त्यांना ते थांबवता येत नव्हतं, सांगताही येत नव्हतं. मला लहानपणीचा खांब आठवला, पाठीतून आत येणारा तोच ताल. मी कान देऊन घुमट शोधत राहिले, आणि खरं सांगते, त्या खोलीत मला घुमट सापडलं नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा, आणि सण-उत्सवांसाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकतं. किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं हाच नियम हातात घेऊन रात्र-रात्र चालणाऱ्या संगीताशी झगडतात, आणि त्यांच्या बाजूने मी मनापासून आहे. पण आमची तालीम दहाच्या आत आटपते. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तेव्हा याच पंचायतीत आबांना शाल दिली होती. पलंगावरच्या त्या उडणाऱ्या हाताचं आणि आबांच्या हाताचं काय करायचं, हे नियमात नाही. आमच्या अंत्रुजातली, म्हणजे फोंड्याकडची, जुनी माणसं सांगायची, पोर्तुगिजांपासून वाचवलेले देव नदी ओलांडून इकडे आले ते रात्री, वल्ह्याचासुद्धा आवाज होऊ न देता. लहानपणी मला वाटायचं, म्हणूनच आपण एवढं मोठ्याने वाजवतो. आजही तसंच वाटतं. त्या रात्री मात्र कुळागरातून परत येताना मला आई दिसत होती, उठून बसलेली, लाल डोळ्यांची.

दुसऱ्या दिवशी क्लार्कने मला पत्राचं मराठी भाषांतर लिहून मागितलं, पंचायतीच्या दप्तराला लावायला. मी सगळं भरभर लिहिलं आणि त्या शब्दापाशी पेन थांबलं. गोंगाट लिहवेना. गजर तर त्या बाईंच्या पत्रात बसणारच नव्हता. कलकलाट, गलका, सगळे एकेकदा लिहून खोडले. शेवटी एक शब्द शोधणंच सोडून दिलं आणि लिहिलं: 'मांडपातल्या तालमीचा आवाज मागच्या भिंतीवरून आमच्या घरात येतो, त्याने आजारी माणूस दचकतो आणि त्याला झोप लागत नाही.' एका शब्दाच्या जागी एवढं लांब वाक्य मी कधी कुणा विद्यार्थ्याला लिहू दिलं नसतं.

संध्याकाळी तो कागद घेऊन मी मांडपात गेले. मुलं जमत होती. आबा खाली बसून घुमटाचं चामडं विजेच्या दिव्याखाली धरून शेकत होते. आता चूल कुठे. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला, त्या वाक्यावर बोट ठेवून परत वाचला. म्हणाले, "दचकता?" मी म्हटलं, हात उडतो. बराच वेळ ते घुमट फिरवत राहिले. मग मी म्हटलं, आबा, त्या दिवशी मी जो शब्द बोलले तो. त्यांनी मान हलवली. "खबर आसा. भाऊन सांगलेलें म्हाका." आणि मग पश्चिमेच्या, गडग्याकडच्या खिडकीकडे हनुवटीने खूण केली. "तुजी आवय आजारी आसतना तो पयलीं ती जनेल धांपतालो. मागीर वाजोवपाक बसतालो. सदांच."

भाऊ आधी ती खिडकी लावायचे आणि मगच वाजवायला बसायचे, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसांत आवाज थोडा उतरला होता हे आठवतं. मला वाटायचं मुलं थकली असतील.

आबांनी मुलांना लाउडस्पीकरचा डबा खाली काढायला सांगितला. एकाने कुरकुर केली, पण काढला. मग ते स्वतः उठले. कुळागराच्या बाजूची खिडकी कित्येक वर्षं उघडीच होती, बिजागऱ्या गंजून लाल झालेल्या. एका हाताने हलेना. त्यांनी घुमट माझ्या हातात दिलं, अजून कोमट होतं, आणि दोन्ही तळवे फळीवर टेकून जोर लावला. फळी मोठ्याने करकरत आली आणि एकदाची बसली. मी घुमट परत त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डावा तळवा मागच्या तोंडावर ठेवला, थोडा सोडला, आणि बोटांनी पहिला ठोका दिला.